रांगेतली मोकळी जागा

एटापल्लीच्या पुढे, सूरजागडचा डोंगर डावीकडे ठेवून बैलगाडीची एक वाट जंगलात शिरते. १९५८ च्या उन्हाळ्यात त्या वाटेच्या शेवटी, कोरड्या नाल्याच्या काठावर, लष्कराचा तळ पडला. काही तंबू, झेंड्याचा खांब आणि बांबूच्या तट्ट्यांचं स्वयंपाकघर, एवढाच पसारा. फाटक होतं, पण फाटकावर पाटी नव्हती. निरनिराळ्या पलटणींतून उचललेले जवान तिथे आणले होते. त्यांच्यातले थोडे पुढे जाणार होते, बाकीचे आपापल्या पलटणीत परत. पुढे म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नव्हतं. जी तुकडी उभी राहायची होती तिला अजून नावच नव्हतं, म्हणून जवान आपसात तिला 'बिननावाची' म्हणत.

लान्स नाईक सोमाजीला त्या बिननावाच्या तुकडीत जायचंच होतं. तो वरोऱ्याकडच्या कापसाच्या गावचा. पलटणीत त्याची सगळी नोकरी भांडारात गेली होती: कांबळी मोजायची, फाटकी वेगळी काढायची, डांबराच्या गोळ्या टाकायच्या. इथे यायला निघाला तेव्हा भांडारातल्या दोस्तांनी टाळ्या पिटल्या होत्या. "जाय बावा, फिरून ये. आठ दिवसांत वापस येशीनच. तुह्या कांबळ्यायले कोनी हात नाई लावत." सोमाजी हसला होता, पण ते त्याच्या मनाला लागलं होतं. परत जाऊन त्या डांबराच्या वासात बसण्यापेक्षा पाय मोडला तरी चालेल, असं त्यानं ठरवलं होतं.

तळाचा कारभार सुभेदार गुणवंतराव खिरटकरांकडे होता. हा माणूस ओरडत नसे. काम सांगायचा आणि मग झाडाला टेकून बघत बसायचा. जवानांना जोड्या लावून दिल्या होत्या आणि जोडीतला एक मागे पडला तर दोघांचा हिशेब एकत्र व्हायचा. सोमाजीचा जोडीदार नथ्थू मूलच्या बाजूचा, धानाच्या बांध्यांत वाढलेला, तोंडानं फटकळ.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना जंगल दाखवायला नेलं. वाट दाखवायला जवळच्या पाड्यातला पत्रू होता. तळापासून कोस-दीड कोसावर ऐनाच्या एका मोठ्या झाडाखाली तो थांबला. झाडाच्या बुंध्याशी दगडांचा कंबरभर उंच ढीग होता. पत्रूनं कनवटीतून एक दगड काढला, ढिगावर ठेवला आणि मग पुढे पाऊल टाकलं.

"हे काय आहे रे?" सुभेदारांनी विचारलं.

"दसरू," पत्रू म्हणाला. "आमच्याच पाड्यातला. वाघानं नेला त्याले. इथी सापडला, होता तेवढा. येनारा-जानारा एक गोटा ठेवते."

"काऊन?"

"गोटे राह्यले का तो बी इथीच राह्यते. नाई तं कुठी जाईन, कोनाच्या मांगं जाईन, काय सांगता येते?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सुभेदारांनी वळून पाहिलं. "गावची रीत हाय. सगळ्यायनं ठेवा," ते म्हणाले. जवळपास दगड शोधूनही मिळेना. जमीन सगळी सागाच्या पानांनी झाकलेली आणि पानांखाली नुसती माती. गावकरी दगड डोंगरावरून आणायचे. शेवटी जवानांनी इकडून तिकडून खडे गोळा केले आणि एकेक टाकला. सोमाजीनंही टाकला.

वजनाची चाल पुढच्या आठवड्यात होती. प्रत्येकानं पाठीवरच्या थैल्यात तळाजवळच्या नाल्यातले गोटे भरायचे, साठ रत्तल भरले की झाडाला टांगलेल्या काट्यावर लटकवायचे आणि मग एकट्यानं डोंगराला वळसा घालून यायचं. आल्यावर परत काटा. एक रत्तल कमी भरलं तरी घरचा रस्ता. जोडीदारसुद्धा सोबत नाही. वाटेत पहारा नव्हता. सुभेदारांना बहुधा तेच पाहायचं होतं.

अर्ध्या वाटेत सोमाजीची टाच फाटली. बुटात ओलं लागायला लागलं आणि पाऊल टेकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. वैशाखाचं ऊन, सागाला एक पान नाही, सगळी पानं खाली. चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. एका घळीत तो बसला आणि निम्मे गोटे काढून टाकले. तळाजवळचा नाला शेवटी लागणारच होता, तिथे परत भरून घेऊ, असा साधा हिशेब.

पण टेकाडावरून खाली पाहिलं तर नाल्यात, नेमक्या उतरण्याच्या जागी, एक नाईक टोपी तोंडावर घेऊन बसलेला. झोपला होता की बघत होता, ते कळत नव्हतं. सोमाजी मागे सरकला. थैला सैल लोंबत होता. आजूबाजूला फक्त पानं.

मग त्याला ऐनाचं झाड आठवलं. गोटे टाकले ती घळ फार लांब मागे राहिली होती, झाड त्याच्या पुष्कळ अलीकडे होतं.

पत्रूचं बोलणं त्याला आठवलं नाही, असं नाही. तो ढिगापुढे उभाही राहिला थोडा वेळ. दुपार अशी की पाखरूसुद्धा बोलेना. मग त्यानं वरचे दगड उचलायला सुरुवात केली. काळपट तांबडे, हाताला गार, आकाराच्या मानानं फारच जड. थोड्याच दगडांत पट्टे खांद्याला रुतायला लागले. तो निघाला. दहा-वीस पावलांवर त्याला वाटलं की पानांचा आवाज जरा जास्त होतोय. तो थांबला. आवाजही थांबला, पण त्याच्यानंतर. एका पावलानंतर.

तळावर थैला काट्याला टांगला तेव्हा काटा सरकन खाली गेला. साठाच्यावर. सुभेदारांनी अर्ध्या रिकाम्या थैल्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. "बरं हाय," एवढंच म्हणाले. सगळ्यांचे गोटे झेंड्याच्या खांबाकडे जाणाऱ्या वाटेला ओतले गेले आणि त्यात सोमाजीचेही मिसळले.

दुसऱ्या दिवसापासून रांगेची गडबड सुरू झाली.

जंगलातून एकामागे एक चालायचं, दोघांत हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर, असा नियम होता. सोमाजीच्या मागे नथ्थू. सुभेदार बाजूनं चालत होते आणि थोड्या वेळानं म्हणाले, "नथ्थू, मधात जागा काऊन सोडली?"

"नाई सोडली, साहेब."

"आंधळा हाय काय मी? एक मानूस मावते तेवढी हाय."

नथ्थू धावत पुढे आला. काही पावलं नीट गेली आणि मग पुन्हा ती जागा पडली. पुन्हा सुभेदार बोलले, पुन्हा नथ्थू पुढे आला. दिवसभर हेच. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा नथ्थूनं ताट सोमाजीपासून जरा दूर ठेवलं.

"काय झालं बे?" सोमाजीनं विचारलं.

"काई नाई. तुह्या मांगं चालाले जमत नाई मले."

"काऊन?"

"अंगावर जातो असं वाटते," नथ्थू म्हणाला आणि भाताचा गोळा हातातच धरून बसला. "तुह्या नाई. मधात जो हाय, त्याच्या."

"लय ऊन लागलं तुले."

"लागलं असन," नथ्थू म्हणाला. "पर ऊन कधी पायानं पानं वाजवत नाई."

कानाची परीक्षा त्याच आठवड्यात झाली. सागांमधल्या मोकळ्या जागेत सुभेदार एका खोडावर बसले, डोळ्यांवर कापड बांधलेलं, हातात लांब बांबू. चारी बाजूंनी वाळली पानं. जवानानं कडेवरून निघायचं आणि आवाज न करता येऊन सुभेदारांच्या खांद्याला हात लावायचा. सुभेदारांना जिकडे आवाज येईल तिकडे त्यांनी बांबू रोखायचा. बांबू अंगावर आला की शिट्टी, की गडी बाद. बहुतेक जण अर्ध्यातच बाद झाले. नथ्थू चांगला जवळ पोचला होता, पण शेवटच्या पावलाला काडी मोडली.

सोमाजीची पाळी आली. तो बूट काढून उभा राहिला. शिकवलं होतं तसं पायाची बाहेरची कड आधी टेकवायची, बोटांनी पान दाबायचं, मग वजन द्यायचं. तो निघाला आणि आपल्या पायाचा आवाज आपल्यालाच येत नाही, हे पाहून त्याला बरं वाटलं. तेवढ्यात पानं वाजली. त्याच्या मागे.

सुभेदारांचा बांबू उचलला गेला. तो सोमाजीच्या बाजूनं वळला, त्याच्या छातीवरून सरकला आणि त्याच्या खांद्याच्या मागे रोखून थांबला. शिट्टी वाजवणारा नाईक शिट्टी तोंडात धरून तसाच राहिला. तिथे कोणी नव्हतं.

सोमाजीनं पुढचं पाऊल टाकलं. मागे पानं वाजली. बांबू पुन्हा मागे गेला. असं होत होत तो खोडापाशी पोचला आणि त्यानं सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा एकदम दचकला.

सुभेदारांनी कापड काढलं. आधी सोमाजीकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या पानांकडे.

"जोडीनं आलास काय बे?"

"एकटाच, साहेब."

"मंग तो कोन होता?"

 कडेला उभे असलेले जवान त्या पानांकडेच बघत होते. एरवी कोणी पास झाला की शिट्ट्या मारायचे. सुभेदारांनी कापडाची घडी केली, खिशात ठेवली. "पास," ते म्हणाले.

तळावर मोठे साहेब यायचे होते. तेच शेवटची नावं पुकारणार होते. साहेब येणार म्हणजे लष्कराच्या रीतीप्रमाणे दगडांना चुना. चालीतून आलेले गोटे झेंड्याच्या वाटेच्या दोन्ही कडांना मांडले गेले आणि जवानांनी चुन्याच्या बादल्या घेऊन ते पांढरे केले. सोमाजीच्या हातीही कुंचला होता. चुना लागल्यावर सगळे दगड सारखेच दिसायला लागले आणि त्याला वाटलं, झालं, आता ते दगड कुठले हे कोणालाच कळायचं नाही, आपल्यालासुद्धा.

सकाळी काही दगड लाल झाले होते. पांढऱ्या चुन्यातून डाग वर आले होते, ओले असल्यासारखे.

"कोन पान खाऊन थुकून राह्यला बे?" नाईक भडकला. जवानांची तोंडं उघडून पाहिली. स्वयंपाक्याची बटव्यासकट झडती झाली, तो बिचारा सुपारीसुद्धा खात नव्हता. दगडांना पुन्हा चुना लागला. दुसऱ्या सकाळी पुन्हा लाल, तेच दगड. बांबूच्या मोळ्या घेऊन पत्रू आला तो वाटेनं न येता बाहेरून, काट्यांतून वळसा घालून आला आणि मोळी फाटकाशीच टाकून निघून गेला. पैसे घ्यायलाही आत आला नाही.

सुभेदारांनी एक दगड उचलला, नखानं खरवडला आणि हजेरीच्या फॉल-इनमध्ये सगळ्यांसमोर धरला.

"लोखंडाचा गोटा हाय. गंज सुटला याले. आपल्या नाल्यात असा गोटा नाई. डोंगरावरचा हाय." थोडं थांबून ते म्हणाले, "कोनाच्या पाठीवरून आला?"

गंज. सोमाजीला हायसं वाटलं. नुसता गंज. त्यानं समोर, झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. आता तोंड उघडलं की कांबळी, डांबराच्या गोळ्या, दोस्तांच्या टाळ्या.  सुभेदारांनी दगड जागेवर ठेवला.

त्याच दिवशी नथ्थूला परत पाठवायचं ठरलं. कारण साधं होतं. रांगेत अंतर राखता येत नाही. रोज सांगून सुधारत नाही. जोडीचा नियम खरं तर दोघांना लागू होता, पण सोमाजीनं कानाच्या परीक्षेत सगळ्यांना मागे टाकलं होतं, म्हणून त्याला ठेवलं.

ट्रक सुरू झाला तेव्हा सोमाजी पेटी चढवायला गेला. नथ्थू फळीवर बसला होता.

"माही चूक नव्हती, सोमाजी."

"माईत हाय मले."

"माईत हाय तं बोलला काऊन नाई?"

सोमाजीनं पेटी फळीखाली सरकवली. नथ्थूनं त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या वाटेकडे पाहिलं. मग वाकडं हसून म्हणाला, "मधातल्याले सांग, आता जोडीतली जागा मोकळी झाली. ये म्हना आरामानं."

ट्रक धुरळा उडवत गेला. सोमाजी वळून तंबूकडे चालू लागला. एका पावलानंतर पानं वाजली, आधीपेक्षा जवळ. हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर.

त्याच्या मागे आता कोणाला उभं करायचं, हा प्रश्न होता. दुसऱ्या जोडीतला एक दिला, तर त्यानंही तेवढीच जागा सोडली. सोमाजीला आता स्पष्ट दिसत होतं. उद्या मोठे साहेब त्याचं नाव पुकारतील. तो बिननावाच्या तुकडीत जाईल, तिथून पुढे जिथे पाठवतील तिथे, आणि तिथल्या रांगेतही त्याच्या मागे ही जागा असेल. तिच्या मागचा माणूस, जो कोणी असेल तो, नथ्थूसारखाच घरी जाईल. किंवा घरी जाणारही नाही. कारण तिथे मागच्यानं मागे राहून चालणार नव्हतं.

पहाटे उजाडल्याबरोबर त्यानं थैला घेतला आणि झेंड्याच्या वाटेवर गेला. लाल डागांचे दगड ओळखू येत होते. एकेक उचलून तो भरू लागला. चुन्यानं हात पांढरे झाले, त्यावर तांबडे ओघळ.

सुभेदार झाडाला टेकून उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"साहेब आठ वाजता येतीन," ते म्हणाले. "नाव पुकारलं तं हाजिर म्हनाले मानूस पाहिजे. नाई तं दुसऱ्याचं नाव जाते."

"हो, साहेब."

"कुठी चालला, विचारत नाई मी."

ते जवळ आले. थैल्याचा पट्टा धरून त्यांनी तो एका हातानं उचलून पाहिला, काट्यावर टांगल्यासारखा. जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"आज वजन पुरं हाय," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

त्या कोस-दीड कोसाची चाल सोमाजीच्या कायम लक्षात राहिली. टाच अजून भरली नव्हती. आपली पावलं, मागची पावलं, दोन्ही त्यानं ऐकली आणि एकदाही थांबून बघितलं नाही. मागची पावलं दमलेली वाटत नव्हती. उलट, झाड जवळ यायला लागलं तशी ती मंद होत होती, एखाद्याला पुढे जायचं नसावं तशी.

ऐनाच्या झाडापलीकडे मोहाची झाडं होती. तिथे एक म्हातारी बाई उशिराची मोहफुलं वेचत होती. सोमाजीनं थैला उतरवला आणि दगड काढायला सुरुवात केली तशी ती टोपली कंबरेवर घेऊन जवळ आली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा. पांढऱ्या दगडांकडे तिनं पाहिलं, मग ढिगाच्या वरच्या खळग्याकडे.

"तूच नेले काय?"

"हो, बाई."

तिनं शिवी दिली नाही. टोपली खाली ठेवली आणि त्याच्या हातातला दगड घेऊन स्वतःच ढिगावर ठेवला. चुना बोटानं पुसून काढला, मग दुसरा घेतला.

"मी सोमारी. दसरूची माय," ती म्हणाली. "माहा मर्री होता तो. पोरगा."

 दगड एकेक तिच्या हातात जात होते.

"आला काय तो तुह्या मांगं?"

सोमाजीनं मान डोलावली.

"खरं सांग. आला?"

"आला, बाई. रोज येते. रांगेत बी येते."

म्हातारीचा हात थांबला. "कसा चालते?"

"म्हंजे?"

"पाय वढत तं नाई? त्याचा एक पाय..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. सापडला होता तेवढा, हे पत्रूचे शब्द सोमाजीला आठवले.

"नाई, बाई. नीट चालते. माह्यापेक्षा नीट चालते."

ती झाडाच्या बुंध्याशी बसली.  मग अगदी हळू, तक्रार करावी तसं म्हणाली, "मी रोज येतो इथी. रोज गोटा ठेवतो. बलावतो. माह्या मांगं कधी नाई आला. अन् तू कोन कुठचा, तुह्या मांगं गेला."

दूर तळाकडून बिगूल ऐकू आलं. फॉल-इनचं. बिनपानांच्या झाडांतून तो आवाज जवळच असल्यासारखा आला. सोमाजी उठायला गेला आणि मग तसाच बसला. आता पळाला असता तरी पोचला नसता. तिकडे नावं पुकारली जात असतील. त्याचं नाव येईल, कोणी हाजिर म्हणणार नाही, मग पुढचं नाव. बिगूल थांबलं. त्यानं थैल्यातला शेवटचा दगड काढून पुढे केला.

सोमारीनं तो घेतला, पण ढिगावर ठेवला नाही. हातात तोलून पाहिला.

"रोज ठेवतच होतो मी," ती म्हणाली. "घ्याले पाहिजे होता."

"बाई," सोमाजी म्हणाला, "ठेवा तो. तुमच्या पाड्यातले लोक काय म्हनतीन? पत्रू तं वाटेनं बी..."

"म्हनू दे."

तिनं दगड पदराच्या टोकात बांधला, गाठ दातांनी आवळली, पदर कंबरेत खोचला. टोपली डोक्यावर घेतली आणि पाड्याच्या दिशेनं निघाली. तिची पावलं लहान होती, झपझप. सोमाजी कान देऊन बसला. कान द्यायला त्याला इथेच शिकवलं होतं.

आधी फक्त तिचीच पानं वाजली. मग त्याच्या अगदी बाजूला, बसल्या जागेपासून हातभरावर, एक पाऊल उठलं. जरा थांबलं. मग दुसरं उठलं आणि ती पावलं घाईनं, लांब ढांगा टाकत तिच्या मागे गेली.

म्हातारीनं वळून पाहिलं नाही. पण ती चालता चालता आपल्या बोलीत बोलायला लागली. रागावल्यासारखी, खूप दिवसांचं साठलेलं. थोडं बोलायची आणि थांबायची, पलीकडून उत्तर येईपर्यंत माणूस थांबतो तेवढं. मग पुन्हा बोलायची. एकदा हसलीसुद्धा.

ती दिसेनाशी झाली तरी बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग सोमाजीनं रिकामा थैला खांद्याला लावला आणि तळाकडे, ट्रकच्या वाटेनं, एकटा चालू लागला.